नवीन प्रायव्हेट लिमिटेडसाठी लेटरहेड: मजकूर, मापं, कागद आणि पावसाळ्यातली छपाई

काजूगर_सत्तरी:

नमस्कार मंडळी. वाळपईजवळ काजू प्रक्रियेचं लहान युनिट आहे. आजवर मालकीची फर्म होती, आता तिची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली, त्यामुळे लेटरहेड नव्याने करायचं आहे. डिझायनरने पाठवलेला नमुना असा: डाव्या कोपऱ्यात चार रंगांतला मोठा लोगो, उजवीकडे तीन मोबाइल नंबर, पानभर फिकट काजूबोंडाचं चित्र, तळाला कडेपर्यंत गडद तपकिरी पट्टी आणि तिच्यात पांढऱ्या अक्षरांत पत्ता, जीएसटी नंबर, बँकेचं खातं, मालाची यादी. दिसतं छान, पण पत्र लिहायला अर्धंच पान उरतं.

पत्रं जातात ती पंचायत, मामलेदार कचेरी, बँक, हॉटेलं आणि गोव्याबाहेरच्या घाऊक व्यापाऱ्यांना. काही मराठीत, बरीच इंग्रजीत. ऑफिसात छोटा काळा-पांढरा लेसर प्रिंटर आहे. विचारायचं ते असं: कायद्याने काय छापावंच लागतं? ऑफसेट (प्लेटवरून शाईची छपाई) की डिजिटल? कागद किती जीएसएमचा (चौरस मीटरला किती ग्रॅम)? आणि चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) हातात हवं, तर या पावसात छापून घेताना काय सांभाळायचं?

हिशेबनीस_मडगाव:

कायद्याचं आधी सांगतो, कारण लेटरहेडवरची अर्धी जागा त्यानेच ठरते.

कंपनी कायदा २०१३, कलम १२ चं पोटकलम ३. कंपनीची व्यावसायिक पत्रं, बिलं, लेटरहेड, नोटिसा आणि इतर अधिकृत प्रकाशनं यांवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), फोन नंबर आणि ई-मेल छापावं लागतं. वेबसाइट आणि फॅक्स असतील तर तेही. हे चुकलं तर कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला १,००० रुपये, कमाल १ लाखापर्यंत दंड आहे. नाव इन्कॉर्पोरेशनच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच हवं. बाजारात लोक तुम्हाला ज्या छोट्या नावाने ओळखतात ते लोगोत चालेल, पण पूर्ण नाव त्याच पानावर स्पष्ट दिसलं पाहिजे.

युनिट आणि नोंदणीकृत कार्यालय वेगळ्या जागी असतील तर दोन्ही पत्ते द्या आणि कुठला कशाचा ते लिहा. पुष्कळ ठिकाणी फक्त कारखान्याचा पत्ता छापलेला असतो. कायद्याला हवा तो नोंदणीकृत कार्यालयाचा.

सीआयएन २१ अक्षरांचा असतो: पहिलं अक्षर लिस्टेड की अनलिस्टेड ते सांगतं, पुढे पाच अंकी उद्योग-संकेत, मग राज्याची दोन अक्षरं (आपली जीए), स्थापनेचं वर्ष, कंपनीचा प्रकार तीन अक्षरांत, शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक. हा हाताने टाइप करू नका, प्रमाणपत्राच्या पीडीएफमधून कॉपी करून डिझायनरला पाठवा.

मालकीच्या फर्मची कंपनी झाली म्हणजे पॅन बदलला आणि पॅन बदलला म्हणजे जीएसटीआयएन (जीएसटी नंबर) हाही बदलला. १५ अक्षरांपैकी पहिले दोन अंक राज्याचे, गोव्याचे ३०, आणि तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅनच असतो. तेव्हा जुन्या फाइलमधला नंबर नव्या डिझाइनमध्ये राहिलेला नाही ना, ते एकदा बघा. जीएसटीआयएन कर-बिलावर बंधनकारक आहे, साध्या पत्रावर नाही. तरी मी लेटरहेडवर ठेवायला सांगतो, कारण कोटेशन त्याच कागदावर जातं आणि समोरच्या खरेदी विभागाला पहिल्या दिवशी तोच नंबर हवा असतो.

कंपनीने गेल्या दोन वर्षांत नाव बदललं असेल तर जुनं नावही छापावं लागतं. तुमचं तसं नाही, कारण आधीची फर्म ही कंपनी नव्हती. पण जुन्या गिऱ्हाइकांसाठी वर्षभर "पूर्वीची अमुक फर्म" अशी बारीक ओळ ठेवलीत तर वसुलीला सोपं जाईल. ती ओळ छापील कागदावर न घालता वर्डच्या टेम्प्लेटमध्ये घाला, म्हणजे नंतर काढता येते.

वाचणाऱ्यांत कुणाची एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असेल तर त्यांना वेगळा कायदा लागू: २००८ च्या एलएलपी कायद्याचं कलम २१. नाव, नोंदणीकृत पत्ता, नोंदणी क्रमांक आणि मर्यादित दायित्वाने नोंदलेली असल्याचं विधान. एकट्याची कंपनी असेल तर नावाखाली कंसात "वन पर्सन कंपनी" हे शब्द हवेत.

बँकेचं खातं मात्र काढून टाका. लेटरहेडवर छापलेला खाते क्रमांक शेकडो हातांत जातो, आणि "आमचं खातं बदललं" असं खोटं पत्र बनवणाऱ्याला मांडणी आयती मिळते. खात्याचा तपशील बिलावर, तिथेच. मालाची यादीही काढा, ती दरपत्रकात शोभते. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक बिलावर लागतो, लेटरहेडवर त्याची सक्ती नाही.

छापखाना_म्हापसा:

तुमच्याकडे लेसर प्रिंटर आहे, त्यामुळे ऑफसेटच करा. कारण सांगतो.

लेसरमध्ये टोनर (कोरडी रंगपूड) कागदावर बसतो तो फ्युझरच्या, म्हणजे तापलेल्या रोलरच्या, उष्णतेने, साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस. डिजिटल प्रेसवर छापलेलं लेटरहेड हेही टोनरचंच. तो कागद पुन्हा तुमच्या फ्युझरमधून गेला की आधीचा टोनर मऊ पडतो, थोडा रोलरला चिकटतो आणि खाली त्याच पानावर किंवा पुढच्या पानावर लोगोची फिकट सावली उमटते. बारीक अक्षरं बहुधा तगतात, पण तुमच्या नमुन्यात आहे तशी गडद भरीव पट्टी हमखास त्रास देते. ऑफसेटची शाई वाळून कागदात मुरलेली असते, तिला ती उष्णता सोसते. मात्र छापायच्या आधी सांगा की हा कागद लेसरमध्ये जाणार आहे, म्हणजे शाई त्या हिशेबाने घेता येते. उठावाची थर्मोग्राफी (पावडर वितळवून फुगवलेली अक्षरं) लेसरला अजिबात चालत नाही, ती पावडर पुन्हा वितळते. सोनेरी फॉइलचाही भरवसा नाही. ते हवंच असेल तर व्हिजिटिंग कार्डावर करा.

कागद: १०० जीएसएमचा एक्झिक्युटिव्ह बॉण्ड. ८० चा झेरॉक्सचा कागद हाताला पातळ लागतो आणि पाठीमागे शिक्का उमटतो. १२० चा भारी वाटतो, पण बऱ्याच छोट्या लेसर प्रिंटरांत दुहेरी छपाईच्या वाटेवर अडकतो आणि तीन घड्या घातल्या की लिफाफा फुगतो. रेघांचा किंवा कापडासारखा पोत असलेला कागद घेऊ नका; खोलगट भागात टोनर नीट धरत नाही आणि अक्षरं खपल्यांसारखी निघतात. रंग पांढरा किंवा किंचित मलईचा. मलईवर तुमचा तपकिरी छान बसेल, पण स्कॅन करताना पार्श्वभूमी करडी येऊ शकते. सरकारी पोर्टलवर अपलोड करायची पत्रं जास्त असतील तर पांढराच घ्या.

ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, हीही विचारून घ्या. ए-फोरच्या लांबीच्या दिशेने ग्रेन असेल तर लेसरमधून निघालेला कागद कमी वळतो. तपासायचं असेल तर नमुन्याच्या तुकड्याची एक बाजू ओल्या कापसाने पुसा. कागद वळून नळीसारखा होतो; ती नळी ज्या दिशेला आडवी पडते ती ग्रेनची दिशा.

रंग: चार रंगांची गरज नाही. काळा आणि एक स्पॉट रंग (आधीच मिसळून घेतलेली एकच शाई), बस. चार रंगांत जुळवलेल्या तपकिरी रंगात बारीक अक्षरं छापली आणि रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) केसभर हललं की अक्षराला लाल-पिवळी कड दिसते. देवनागरीत मात्रा-वेलांट्या बारीक, तिथे आधी दिसतं. पत्ता आणि क्रमांक शंभर टक्के काळ्यात ठेवा, लोगो आणि नाव स्पॉट रंगात. रंग निवडताना पॅन्टोनच्या (क्रमांक दिलेल्या रंगनमुन्यांच्या) अनकोटेड, म्हणजे चकाकी नसलेल्या कागदाच्या, पुस्तकातला नंबर घ्या. बॉण्ड शाई पितो, त्यामुळे चकचकीत आर्ट पेपरवर बघितलेला तोच रंग इथे मळका उतरतो. मोबाइलच्या पडद्यावरून तर रंग ठरवूच नका.

आता संख्या. १८ × २५ इंचाच्या कागदावर चार ए-फोर बसतात. त्या चारांपैकी तीन जागी पहिलं पान आणि एका जागी दुसऱ्या पानासाठीचा साधा कागद, ज्यावर फक्त छोटा लोगो, असं लावून घ्या. ३३४ कागद छापले की १,००२ पहिली पानं आणि ३३४ दुसरी पानं मिळतात, प्लेटचा वेगळा खर्च न होता. त्यावर ३०-४० कागद वेस्टेजचे धरायचे. ५०० आणि १,००० च्या एकूण खर्चात फार अंतर नसतं, कारण प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च तोच. पण स्वस्त पडतं म्हणून ५,००० छापू नका. पत्ता, फोन, ई-मेल यांतलं काही ना काही त्याआधी बदलतं.

आणि पाऊस. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की शाई वाळायला नेहमीपेक्षा बराच वेळ घेते. घाईने थप्पी केली तर वरच्या कागदाच्या पाठीवर खालच्याची छाप उठते. म्हणून छपाईवाल्याला स्प्रे पावडर वापरायला, लहान थप्प्या ठेवायला आणि कटिंग किमान एक रात्र थांबून करायला सांगा. ताब्यात आल्यावरही आठवडाभर लेसरमध्ये घालू नका. प्रूफ, प्लेट, छपाई, वाळणं, कटिंग आणि वरचा हा आठवडा धरला तर चवथीच्या तीन आठवडे आधी काम टाकायला हवं.

तुमच्याकडे ठेवताना: १००-१०० ची पाकिटं प्लास्टिकमध्ये गुंडाळून लाकडी किंवा लोखंडी कपाटात, फरशीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून नाही. प्रिंटरच्या ट्रेमध्ये दिवसाला लागतील तेवढेच कागद. ओल धरलेला कागद वाकडा होतो, दोन-दोन एकदम ओढले जातात आणि टोनर फिका बसतो. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार "प्लेन" न ठेवता "बॉण्ड" किंवा "हेवी" निवडा, म्हणजे फ्युझर जाड कागदाला हवी तेवढी उष्णता देतो.

अक्षरजुळणी_फोंडा:

वरच्या दोघांनी मजकूर आणि छपाई सांगितली, मी मांडणीवर लिहिते. लेटरहेड म्हणजे पत्रासाठी मोकळी सोडलेली जागा, आणि डिझायनर तीच भरून टाकतात हे माझं ठाम मत. सुरुवात पत्रापासून करा. तुमचं नेहमीचं सगळ्यात लांब एकपानी पत्र घ्या, ते पानावर मांडा, सही-शिक्क्याला खाली ४० मिमी सोडा, आणि उरलेल्या जागेत लेटरहेड बसवा.

मापं देते. ए-फोर म्हणजे २१० × २९७ मिमी. वरचा भाग ३५ ते ३८ मिमी, खालचा १५ मिमी. डावा समास २५, उजवा २०. लोगोची उंची १८ ते २० मिमी पुरते. त्याहून मोठा लोगो दुकानाच्या बोर्डावर. कंपनीचं नाव १५-१६ पॉइंट, पत्ता इंग्रजीत ८ ते ८.५ पॉइंट, देवनागरीत ९ ते ९.५.

कडेपर्यंत जाणारी पट्टी नको, दोन कारणांनी. ती छापायला चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (नंतर कापून जाणारा जादा भाग) लागतं, म्हणजे फाइल २१६ × ३०३ ची, आणि कटिंग मिलिमीटरभर सरकलं तरी पट्टी एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक दिसते. दुसरं, ऑफिसचा लेसर कागदाच्या कडेचे ४-५ मिमी छापतच नाही. मग छापील कागदावर पट्टी कडेला भिडलेली आणि तुम्ही पीडीएफवरून छापलेल्या पत्रात तिच्याभोवती पांढरी चौकट, एकाच कंपनीची दोन वेगळी पत्रं. शिवाय गडद पट्टीतली पांढरी ८ पॉइंटची अक्षरं झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये बुजतात. पट्टीऐवजी अर्ध्या पॉइंटची एक रेघ द्या.

घडीचाही विचार करा. तीन घड्यांच्या पत्राला ९९ आणि १९८ मिमीवर मोड पडतो. पहिल्या मोडाच्या आत वरचा भाग, तारीख आणि ज्याला पत्र आहे त्याचा पत्ता बसला पाहिजे, म्हणजे पाकीट फोडल्याबरोबर कुणाचं, कुणाला, ते दिसतं. फाइलचा पंच कडेपासून १२ मिमीवर, दोन भोकांत ८० मिमी अंतर ठेवून पडतो. भोक ६ मिमीचं, तेव्हा डावीकडच्या पहिल्या १५-१६ मिमीत उभा मजकूर किंवा नक्षी ठेवू नका.

देवनागरी. इंग्रजी नावातली अक्षरं लांब लांब ठेवायची डिझायनरांना फार आवड, आणि तेच ट्रॅकिंग ते देवनागरी नावालाही लावतात. तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि नाव सुटी अक्षरं मांडल्यासारखं दिसतं. देवनागरीचं ट्रॅकिंग शून्य. ठसठशीतपणा हवा तर जाडी वाढवा. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. फॉन्ट मराठी वळणाचा बघा: ल आणि श यांची मराठी रूपं अनेक फॉन्टांत मुळातून येत नाहीत. मुक्त परवान्याच्या फॉन्टांपैकी तिरो देवनागरी मराठी त्यासाठीच बनलेला आहे. साध्या, बिनफटकाऱ्यांच्या अक्षरांसाठी नोटो सॅन्स किंवा मुक्ता घ्या, मात्र मजकुराची भाषा मराठी निवडून रूपं तपासा.

इलस्ट्रेटरमध्ये काम असेल तर डिझायनरला भारतीय लिप्यांचे पर्याय चालू करायला सांगा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला लागते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात जुळवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निव्वळ खुणा दिसतात. छापखान्यात जाणारी फाइल सगळी अक्षरं कर्व्ह करूनच (अक्षरांच्या आकृत्या करून) द्या, आणि न कर्व्ह केलेली एक प्रत स्वतःकडे ठेवा.

दोन लिप्या एकाच लेटरहेडवर राहू द्या. कंपनीचं नाव देवनागरीत आणि इंग्रजीत, पत्ता दोन्हींत, पण सीआयएन, जीएसटीआयएन, पिन आणि फोन एकदाच, इंग्रजी अंकांत. त्याच ओळी दोनदा छापल्या की तळ भरून जातो. कंपनीचं विशेषनाव कोंकणीत आणि मराठीत सारखंच लिहिलं जातं, त्यामुळे पंचायतीला कोंकणीतून पत्र गेलं तरी हाच कागद चालतो.

आवकजावक_पणजी:

टपाल घेणाऱ्या टेबलाच्या बाजूने दोनच गोष्टी जोडतो, कुणी बोललं नाही म्हणून.

सरकारी फाइलीत कागद डाव्या वरच्या कोपऱ्यात भोक पाडून टॅगने ओवतात. तुमच्या नमुन्यात लोगो नेमका त्याच कोपऱ्यात आहे. भोक लोगोच्या मधोमध जाणार, आणि फाइल जाड झाली की तो कोपरा दुमडून झाकला जाणार. लोगो डाव्या कडेपासून २५ मिमी आत घ्या, किंवा मधे, किंवा उजवीकडे न्या.

दुसरी, आवकचा शिक्का. त्यात तारीख आणि क्रमांक लिहायचा असतो. वरच्या भागाच्या खाली उजवीकडे साधारण ५० × ३० मिमी पांढरी जागा असली तर शिक्का तिथे बसतो. नसली तर तो तुमच्या मजकुरावर बसतो आणि पोच म्हणून घेतलेल्या प्रतीवरही तारीख वाचता येत नाही.

काजूगर_सत्तरी:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. पट्टी, बँक आणि यादी काढायला सांगितली. अजून चार शंका. एक, काजूबोंडाचं चित्र अगदी फिकट करून ठेवलं तर? घरात सगळ्यांना तेच आवडलं आहे. दोन, हल्ली निम्मी पत्रं ई-मेलनेच जातात, त्यासाठी वर्डमध्ये कसं करायचं? तीन, ब्रँडच्या नावापुढे वर्तुळातला आर आणि गोव्याच्या काजूचा जीआय (भौगोलिक मानांकन) लोगो घालायचा विचार आहे, चालेल ना? चार, क्यूआर कोड घालावा का?

छापखाना_म्हापसा:

चित्र ठेवायचंच असेल तर रेषांचं करा, फोटो नको. टिंट (रंगाचं प्रमाण) ५ ते ६ टक्के, आणि पानाच्या खालच्या उजव्या भागात, मजकुराच्या ओळींखाली नाही. ५ टक्क्यांचा टिंट डोळ्याला हलका वाटतो, पण बँकेतलं स्कॅनर काळं-पांढरं घेतं, त्याला तो ठिपक्यांचा सडा दिसतो आणि त्यावरची अक्षरं मळतात. ३ टक्क्यांच्या खाली प्लेटवर ठिपका धरेलच असं नाही. काही कागदांवर चित्र येईल, काहींवर अर्धं. छपाईला देण्याआधी एक साधी चाचणी करा: नमुना लेसरवर छापा, त्यावर पत्र छापा, त्याची झेरॉक्स काढा आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीवर सीआयएन वाचता येत असेल तर चित्र राहू दे.

अक्षरजुळणी_फोंडा:

वर्डच्या दोन फाइली करा, एक नाही.

पहिली ई-मेलसाठी, पूर्ण लेटरहेड असलेली. आधी पेज सेटअपमध्ये कागद ए-फोर निवडा. पुष्कळदा तिथे अमेरिकन लेटर साइज बसलेली असते आणि मग छापताना सगळं आक्रसतं. हेडरमध्ये जाऊन "डिफरंट फर्स्ट पेज" चालू करा, पहिल्या पानाच्या हेडरमध्ये लोगो आणि नाव, फुटरमध्ये पत्ता आणि क्रमांक. दुसऱ्या पानाच्या हेडरमध्ये फक्त छोटा लोगो आणि पान क्रमांक. नाव-पत्ता टाइप केलेला असू द्या, चित्र करून चिकटवू नका, म्हणजे पीडीएफमधून सीआयएन आणि ई-मेल कॉपी करता येतात. लोगो एसव्हीजी किंवा मोठा पीएनजी. २० मिमी उंचीला ६०० डीपीआयने साधारण ४७५ पिक्सेल लागतात. ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तिथे "डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल" वर खूण करा, नाहीतर सेव्ह करताना वर्ड लोगो बारीक करतं. फाइल वर्ड टेम्प्लेट म्हणून, म्हणजे डॉटएक्स (.dotx) प्रकारात सेव्ह करा. नुसती डॉक्स (.docx) ठेवली की कुणीतरी तिच्यातच पत्र लिहून सेव्ह करतं आणि पुढच्या पत्रात मागच्याचा मजकूर निघतो.

दुसरी फाइल छापील कागदासाठी: हेडर-फुटर रिकामे, पण पहिल्या पानाचा वरचा समास ४५ मिमी आणि खालचा २५. छापताना "फिट टू पेज" बंद, आकार शंभर टक्के. संदर्भ क्रमांक आणि दिनांकाच्या ठिपक्यांच्या रेघा कागदावर छापून घेऊ नका, संगणकाने टाइप केलेली तारीख त्या रेघेवर कधी नेमकी बसत नाही. दोन्ही ओळी टेम्प्लेटमध्ये.

क्यूआर घालायचा तर तुमच्या स्वतःच्या वेबसाइटच्या पत्त्याचा, साधा. फुकटात बनवून देणाऱ्या साइटचा फिरता कोड नको. त्यांची सेवा बंद झाली की हजार कागदांवरचा कोड मुका. आकार २० मिमी, भोवती चार चौकोनांएवढी पांढरी जागा, रंग काळा. पैसे भरायचा क्यूआर लेटरहेडवर नकोच, त्याचं कारण बँकेच्या खात्याचं वर आलं आहे तेच.

हिशेबनीस_मडगाव:

तिसऱ्या शंकेवर दोन्हीला थांबा. वर्तुळातला आर फक्त नोंदणी झालेल्या ट्रेडमार्कला. अर्ज नुसता दाखल असेल तर टीएम लावा; नोंदणी नसताना आर लावणं ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम १०७ खाली येतं. जीआयचंही तसंच. काजूच्या फेणीला २००९ पासून आणि गोव्याच्या काजूगराला २०२३ पासून जीआय आहे, पण ते वापरायचं तर जीआय नोंदणीत तुमच्या कंपनीचं नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून लागतं. फर्मच्या नावाने घेतलं असेल तर कंपनीच्या नावाने पुन्हा बघावं लागेल. अशोकस्तंभ तर कुठल्याच खाजगी कागदावर चालत नाही, २००५ चा वेगळा कायदा आहे त्यावर. उद्यम क्रमांक (लघुउद्योग नोंदणीचा) मात्र जरूर छापा, तोही कंपनीचा नवा. खरेदीदाराला तुम्ही लघुउद्योग आहात हे पहिल्या कोटेशनपासून लेखी कळलेलं असलं की पैसे चुकते करायच्या ४५ दिवसांच्या मुदतीबद्दल बोलताना उपयोग होतो.

पत्त्याचं एक राहिलं. आपल्याकडे एकाच गावाची इंग्रजी स्पेलिंगं दोन-तीन असतात, पणजी आणि पंजिम, मडगाव आणि मारगाव. जीएसटी आणि कंपनीच्या प्रमाणपत्रावर जे स्पेलिंग आहे तेच लेटरहेडवर, वाडा आणि तालुका धरून. बँकेत केवायसी करताना कागद एकमेकांशी ताडून बघतात, तिथे वेगळं स्पेलिंग दिसलं की पत्र परत येतं.

काजूगर_सत्तरी:

उद्यम आणि जीआय दोन्ही फर्मच्याच नावावर आहेत, तेव्हा जीआय सध्या बाजूला ठेवतो आणि उद्यम नवीन काढतो. जुनी चारशे-एक लेटरहेडं शिल्लक आहेत, त्यांवर कंपनीचा शिक्का मारून संपवली तर?

हिशेबनीस_मडगाव:

नको. जुन्या कागदावर जुना पॅन असलेला जीएसटीआयएन आहे आणि कंपनीचा सीआयएन नाही. शिक्क्याने नाव बदलेल, पण एकाच कागदावर दोन वेगळ्या व्यक्ती दिसतील, कायद्याच्या अर्थाने. मागची बाजू कच्च्या कामाला वापरायची असेल तर पुढच्या बाजूवर आडवी फुली मारून मगच. आणि कोरं, सही केलेलं लेटरहेड, जुनं असो वा नवं, कपाटाबाहेर ठेवू नका. नवे कागद एका माणसाच्या ताब्यात, कुलपात.

छापखाना_म्हापसा:

प्रूफ पडद्यावर नको, कागदावर मागा, शंभर टक्के आकारात, कापून. त्यावर पट्टीने २५ मिमीचा समास आणि लोगोची उंची मोजा. मग दोघांनी मिळून वाचा: एकाने प्रमाणपत्रावरून सीआयएन आणि जीएसटीआयएन एकेक अक्षर मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवायचं. शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस इथे खास थांबायचं. जीएसटी पोर्टलवर तोच नंबर टाकून कंपनीचं नाव येतं का बघा. छापलेल्या फोनवर फोन लावा, लँडलाइन असेल तर ०८३२ धरून, आणि ई-मेलवर एक मेल पाठवा. घडी घालून तुम्ही वापरता त्या पाकिटात घालून बघा. हे झालं की प्रूफवर तारीख घालून सही करा आणि त्याचा फोटो ठेवा. प्लेट निघाल्यावर अक्षर बदलायचं म्हणजे नवी प्लेट.